किराणा मोठ्या ब्रँडचा घ्यावा की मॉलच्या स्वतःच्या पॅकिंगचा?

तुम्ही विचारलं की तालुक्याच्या मॉलमधलं त्यांच्या स्वतःच्या नावाचं पॅकेट स्वस्त पडते तर घ्यावं का, तर भाऊ, सगळ्याच वस्तूंना एक उत्तर नाही. साखर, पोहे, रवा, डाळ बिनधास्त घ्या, काऊन का यात डोळ्यानं दिसते सगळं, दाणा पाहा, खडा-किडा पाहा, झालं. आमच्या घरी तर तुरीची डाळ विकतच आणत नाही, वावरातली तूर दालमिलवर भरडून आणतो, तिची चव कोणत्याच पॅकेटले नाही.

तिखट-हळदीत मात्र जपा. पूड झाली की आत काय मिसळलं ते दिसत नाही, म्हणून अख्खी मिरची घेऊन चक्कीवर दळा, भिवापुरी मिरची भेटली तर सोडूच नका, वायगावची हळदही तशीच. पूडच घ्यायची असन तर अॅगमार्क, म्हणजे शेतमालाच्या दर्जाचा सरकारी शिक्का, पाहून घ्या. तेल सुटं अजिबात नको, भेसळीच्या भीतीनंच कायद्यानं सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर बंदी आहे तरी खेड्यात डब्यातून मापून देतातच, त्यापेक्षा मॉलचं सीलबंद पाऊच कितीतरी बरं. मीठ कोणतंही चालते, फक्त आयोडीनयुक्त पाह्यजे.

पॅकेटच्या मागं 14 आकडी एफएसएसएआय नंबर (सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा) अन् बनवणाऱ्याचं नाव वाचा, कधीकधी दोन्ही माल एकाच कारखान्यातला निघते. अन् वजन पाहाच! 900 ग्रॅमचं पॅकेट किलोचं समजून आपण घेतो, म्हणून किलोमागं भाव किती पडला तो काढा.