कोळंबीचा तिखट पास्ता

प्रश्न : तिखट टोमॅटो सॉसमध्ये कोळंबी घालून स्पॅगेटी करते. कोळंबी रबरासारखी चिवट होते आणि ताटलीत पाणी सुटतं. काय चुकतं?

उत्तर : कोळंबी सॉसमध्ये उकळू नका, चिवटपणा तिथूनच येतो. चौघांसाठी ४०० ग्रॅम सोललेली कोळंबी फडक्याने अगदी कोरडी टिपा. ओली राहिली तर ती भाजली न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजते. तापलेल्या ऑलिव्ह तेलात मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर परता. अर्धगोल वळून गुलाबी झाली की लगेच काढा. घट्ट वेटोळं झालं म्हणजे जास्त शिजली.

त्याच तव्यात मंद आचेवर ४ पाकळ्या लसणाचे काप आणि चमचाभर चिली फ्लेक्स टाका. लसूण तपकिरी झाला तर सगळा सॉस कडू होतो. मग ४०० ग्रॅम टोमॅटोचा गर घालून १५ मिनिटं आटवा.

३२० ग्रॅम स्पॅगेटी पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधीच उपसा. धुऊ मात्र नका! तिच्यावरच्या स्टार्चमुळेच सॉस धरून राहतो. स्पॅगेटी उकळलेलं वाटीभर पाणी घालून ती सॉसमध्ये जोरात हलवा, कोळंबी शेवटच्या अर्ध्या मिनिटात. चीज नको, कोळंबीची चव दबते.