हलका मिररलेस कॅमेरा घेतला आहे. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून वापराव्यात की नव्या घ्याव्यात?

आपला प्रश्न मी असा समजलो. आपण जिंतूर तालुक्यात शिक्षक आहात. खांदा दुखू लागल्यामुळे कॅननचा जुना २००डी मार्क टू बाजूला ठेवून आपण आर५० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा १८-४५ लेन्ससह घेतला आहे (लेन्सचे हे आकडे मिलिमीटरमधले; आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते). घरात जुन्या कॅमेऱ्याच्या १८-५५, ५५-२५० आणि ५० एफ/१.८ अशा तीन लेन्स आहेत, शिवाय वडिलांच्या झेनिट या जुन्या सोव्हिएत फिल्म कॅमेऱ्यावरची हेलिऑस लेन्सही आहे. आपल्याला परिसरातील बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि जुनी देवळे टिपायची आहेत, हिवाळ्यात येलदरीच्या जलाशयावर पक्षीही टिपायचे आहेत. तेव्हा या सगळ्यांसाठी अडॅप्टर घ्यावा का, घ्यायचा तर स्वस्तातला चालेल का, की सरळ नव्या लेन्स घ्याव्यात, असे आपण विचारले आहे.

मी परभणीत राहतो. छायाचित्रण हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय नाही. मात्र गेली काही वर्षे बारवांच्या नोंदी करण्याच्या निमित्ताने जवळपास हेच सामान घेऊन फिरत असल्यामुळे काही गोष्टी अनुभवाने सांगू शकतो.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण नवा कॅमेरा घेण्याचे आपले कारणच ते आहे. २००डी मार्क टू बॅटरीसह साधारण ४५० ग्रॅमचा आणि त्याच्यासोबत येणारी १८-५५ एफ/४-५.६ लेन्स २१५ ग्रॅमची, म्हणजे जुना संच सुमारे ६६५ ग्रॅमचा होता. आर५० बॅटरी व कार्डासह ३७५ ग्रॅमचा आहे. त्यावर कॅननचा साधा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लावला तर ११० ग्रॅम वाढतात आणि तीच १८-५५ चढवली की बेरीज ७०० ग्रॅमवर जाते. म्हणजे पैसे खर्च करून खांद्यावर जुन्यापेक्षा ३५ ग्रॅम जास्तच येतात. उलट आपल्याकडची नवी १८-४५ अवघी १३० ग्रॅमची असल्यामुळे तिच्यासह पूर्ण संच ५०५ ग्रॅमचा होतो. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत फक्त बॉडीचे वजन ठळक छापलेले असते. पण आपल्या गळ्यात बॉडी, अडॅप्टर आणि लेन्स एकत्रच लटकणार असतात. म्हणून १८-५५ साठी अडॅप्टर घेण्याचा विचार मनातून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ४५ आणि ५५ मधला फरक दोन पावले पुढे जाऊन भरून निघतो.

अडॅप्टर म्हणजे नेमके काय, हे समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. प्रत्येक माउंटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याच्या जोडणीत, लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. कॅननने १९८७ मध्ये आणलेल्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिमी आहे, कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी होती. २०१८ मध्ये आलेल्या आरएफ माउंटमध्ये आरसाच नसल्यामुळे ते २० मिमीवर आले. उरलेले २४ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे आपला अडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राच्या स्पष्टतेवर त्याचा काही परिणाम होत नाही. याच हिशेबाने एक इशाराही देऊन ठेवतो. कोणी ओळखीचा माणूस कॅननच्या बंद पडलेल्या ईएफ-एम मालिकेतील छोट्या लेन्स स्वस्तात देऊ करील; त्या घेऊ नयेत. त्या माउंटचे अंतर १८ मिमी आहे, म्हणजे आरएफपेक्षाही कमी, आणि उणे दोन मिमी जाडीची नळी कोणीही बनवू शकत नाही.

आता स्वस्त अडॅप्टरविषयी. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात विद्युत संपर्काची पितळी टोके असतात, दुसरे नुसते धातूचे कडे असते. आपल्या ईएफ लेन्ससाठी नुसते कडे कामाचे नाही. या लेन्समध्ये छिद्र (अपर्चर, ज्यातून प्रकाश आत येतो) लहान-मोठे करण्याचे काम कॅमेऱ्याकडून येणाऱ्या विजेवर चालते, त्यामुळे कडे लावल्यावर छिद्र पूर्ण उघडेच राहते. आणखी एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही: एसटीएम (स्टेपिंग मोटर) प्रकारच्या लेन्सचे फोकसचे कडेसुद्धा थेट काचेला जोडलेले नसते, ते मोटरला फक्त इशारा देते. वीज नाही म्हटल्यावर आपण ते कडे दिवसभर फिरवले तरी फोकस तसूभर हलत नाही. म्हणून अडॅप्टर घ्यायचाच असेल तर संपर्क असलेलाच घ्यावा. कॅननच्या अडॅप्टरवर ईएफ आणि ईएफ-एस (लहान सेन्सरसाठीच्या) या दोन्ही प्रकारच्या लेन्सचा ऑटोफोकस, स्थिरीकरण (हाताचा कंप सावरणारी सोय) आणि छिद्र हे सर्व पूर्ववत चालते. संपर्क असलेले इतर कंपन्यांचे अडॅप्टर स्वस्त पडतात आणि बहुधा नीट चालतात. मात्र दुकानात आपली लेन्स लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कॅननच्या साध्या अडॅप्टरशिवाय नियंत्रण-कडे असलेला आणि आत फिल्टर सरकवता येणारा असेही दोन प्रकार आहेत. बारवेच्या पाण्यावरची चमक काढण्यासाठी दुसऱ्याचा मोह मलाही झाला होता; पण आपल्या कामासाठी साधा पुरेसा आहे.

हा अडॅप्टर खरा शोभतो तो ५५-२५० वर. ती ३७५ ग्रॅमची लेन्स अडॅप्टरसह ४८५ ग्रॅमची होते. तिच्या जागी नवी आरएफ-एस ५५-२१० घेतली तर वजन २७० ग्रॅमवर येते, हे खरे; पण लांबच्या टोकाला तिचे छिद्र एफ/७.१ असते, आपल्या जुन्या लेन्सचे एफ/५.६ (आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान). हिवाळ्यात जलाशयावर पक्षी दिसतात ते सूर्य उगवता-उगवता, आणि त्या प्रकाशात हा फरक सरळ आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या, आकड्यात दिसतो. शिवाय आर५० च्या सेन्सरमुळे दृश्य १.६ पटीने आवळले जाते, त्यामुळे २५० मिमीची लेन्स फुलफ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ४०० मिमीसारखी काम करते, तर २१० मिमीची ३३६ मिमीसारखी. पाण्यातल्या पक्ष्याजवळ चालत जाऊन हे अंतर भरून काढता येत नाही. म्हणून ५५-२५० ठेवावी आणि अडॅप्टर तिच्या मागे कायमचा लावून टाकावा, कॅमेऱ्यावर नव्हे. म्हणजे ती अडॅप्टरसह एकसंध आरएफ लेन्ससारखीच चढवता-उतरवता येते. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की तो उघडाच पडतो. मी एकदा माळेगावच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात उभा राहून, वाऱ्याकडे तोंड करून लेन्स बदलली होती. त्या दिवशीच्या प्रत्येक चित्रात आकाशात सात काळे ठिपके आहेत. ते काढताना मी इतके वैतागलो की आता वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवून, शक्यतो गाडीत बसूनच लेन्स बदलतो.

५० एफ/१.८ विषयी मात्र माझे मन थोडे द्विधा आहे. ती १६० ग्रॅमची, आणि कॅननने आरएफ माउंटसाठी काढलेली नवी ५० एफ/१.८ देखील १६० ग्रॅमचीच आहे. म्हणजे नव्या लेन्समध्ये वाचते ते फक्त अडॅप्टरचे वजन आणि २४ मिमी लांबी. तेवढ्यासाठी चालू स्थितीतील लेन्स विकू नये. शाळेतल्या कार्यक्रमात मुलांचे चेहरे टिपताना तिला अडॅप्टर उसना द्यावा. मात्र देवळाच्या गाभाऱ्यात तिच्यावर विसंबू नये. आर५० च्या बॉडीत स्थिरीकरण नाही आणि या ५० मध्येही नाही. अंधारात माणसे हलत असतील तर मोठे छिद्र उपयोगी पडते. पण मूर्ती किंवा खांबावरचे कोरीव काम जागचे हलत नाही, तिथे स्थिरीकरण असलेली आपली साधी १८-४५ भिंतीला टेकून सेकंदाच्या आठव्या भागावरही स्वच्छ चित्र देते. चारठाण्याच्या देवळांत मी पहिल्या भेटीत ५० नेली होती, दुसऱ्या भेटीपासून ती पिशवीतून निघालीच नाही.

नवी लेन्स घ्यायची झाली तर ती बारवेसाठी घ्यावी. वालूरची बारव आपण पाहिली असेलच. पायऱ्या गोलाकार वळत खाली उतरतात आणि काठावर उभे राहिले की १८ मिमीमध्ये अर्धे वळणसुद्धा मावत नाही. मागे सरकावे तर कठडा तरी आड येतो किंवा झुडूप तरी. तिथे आरएफ-एस १०-१८ ही १५० ग्रॅमची लेन्स, स्थिरीकरणासह, हवी तशी आहे. जुन्या ईएफ-एस १०-१८ लेन्स सेकंडहँड बाजारात मिळतात आणि त्यांचे चित्रही उत्तम असते. पण २४० ग्रॅममध्ये अडॅप्टरचे ११० मिळवले की ३५० होतात, आणि अडॅप्टर तर आपण ५५-२५० ला देऊन बसलो आहोत. माझा ठोकताळा असा आहे की अडॅप्टर हा घरात असलेल्या लेन्ससाठी घ्यावा. अडॅप्टर आहे म्हणून जुन्या लेन्स विकत घेत सुटू नये. मी स्वतः सुटलो होतो, आणि त्यातल्या तीन लेन्स कपाटात बुरशीची वाट पाहत आहेत.

राहिली वडिलांची हेलिऑस. तिला वजनाचा आणि गरजेचा हिशेब लावू नये, ती वापरावीच. ती एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या आट्यांची लेन्स आहे, तिचे अंतर ४५.४६ मिमी, त्यामुळे तिला सुमारे साडेपंचवीस मिमीचे वेगळे कडे लागते. इथे सर्व काही हाताने चालत असल्यामुळे विद्युत संपर्काची गरज नाही आणि स्वस्त कडे चालते. तरी तीन गोष्टी पाहाव्यात. लेन्सच्या मागे एक बारीक खिळा असेल तर तो दाबला गेल्याशिवाय छिद्र लहान होत नाही. काही प्रतींवर ए आणि एम अशी कळ असते, ती एमवर ठेवली की भागते. नंतरच्या काही आवृत्त्यांत ती कळ नाही, त्यांच्यासाठी आतून खिळा दाबणारी कड असलेलाच अडॅप्टर मागावा. दुसरे, लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर ठेवून दूरच्या मोबाइल टॉवरवर, पडद्यावर दहापट मोठे करून, फोकस पाहावा. कडे जाड झाले असेल तर टॉवर कधीच स्पष्ट होणार नाही; थोडे पातळ असेल तर तो अनंताच्या खुणेच्या जरा अलीकडेच स्पष्ट होईल, तेवढे चालते.

तिसरी गोष्ट मला उशिरा कळली. भर दुपारी बारवेत काढलेली माझी हेलिऑसची चित्रे ताकाचा हात फिरवल्यासारखी पांढुरकी येत होती. मी जुन्या काचेला दोष देत राहिलो. एका संध्याकाळी कड्यातून मोबाइलचा टॉर्च मारून पाहिला, तर आतला धातू नव्या स्टीलच्या ताटासारखा चमकत होता आणि इकडचा उजेड तिकडे फेकत होता. आतून मखमलीसारखा काळा कागद चिकटवल्यावर काळा रंग पुन्हा काळा दिसू लागला.

कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी सुरू करावी लागेल, नाहीतर लेन्स ओळखता न आल्यामुळे बटण दाबूनही काही होणार नाही. छिद्राच्या जागी एफ०० दिसेल, त्याने घाबरू नये. एव्ही मोडमध्ये कॅमेरा शटरचा वेग स्वतः ठरवतो. एमएफ पीकिंग सुरू केले की फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात. हेलिऑस ५८ मिमीची आहे; ५८ गुणिले १.६ म्हणजे ती साधारण ९३ मिमीसारखी वागते, तेव्हा शटर सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा मंद ठेवू नये. ग्रीस वाळल्यामुळे फोकसचे कडे घट्ट झाले असेल तर ते फिरवताना संपूर्ण लेन्सच आट्यांतून सुटू लागते, म्हणून डावा हात तिच्याखाली असू द्यावा. आणि वापरण्यापूर्वी तिच्यातून टॉर्च मारून पाहावे. आपल्याकडची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असली तरी पेटीत, चामड्याच्या खोळीत वीस पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू शकतात. दिसले तर परभणीत किंवा छत्रपती संभाजीनगरात लेन्स उघडणाऱ्या जाणत्या कारागिराकडे द्यावी. घरी स्क्रूड्रायव्हर लावू नये. खोळ मात्र आठवण म्हणून वेगळी ठेवावी, लेन्स पुन्हा तिच्यात घालू नये.

१८-५५ सुटी विकायला गेलात तर फारसे काही हाती येणार नाही. ती २००डी मार्क टूवरच राहू द्या आणि तो संच शाळेत ठेवा. सातवी-आठवीच्या मुलांच्या हाताला तो चांगला बसतो.