हॉपरमधली ज्वारी आणि संगणकातले दाणे

प्रश्न : सोलापुरात आमचे ज्वारी साफ करून पोती भरण्याचे छोटे युनिट आहे. पहिल्या पोत्यांत कणी व बारीक दाणे जास्त निघतात, शेवटच्या पोत्यांत टपोरे. नवा हॉपर (धान्य वरून भरून खालच्या झडपेतून सोडण्याचे नरसाळ्यासारखे पात्र) करून घेण्यापूर्वी हे संगणकावर पाहता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : येईल. मात्र आपला माल हॉपर रिकामा होताना नव्हे, तर भरतानाच वेगळा झालेला असतो. वरून पडणाऱ्या धारेखाली रास होते. तिच्या उतारावरून दाणे घरंगळत असताना कणी फटींतून झिरपून मध्यभागी साठते आणि टपोरे दाणे या हलत्या चाळणीवरून भिंतीपर्यंत जातात. भिंती पुरेशा उभ्या व गुळगुळीत नसतील, तर झडप उघडल्यावर मधला माल आधी उतरतो आणि भिंतीलगतचा शेवटी.

हे संगणकावर पाहण्यासाठी पीटर कुंडॉल व ओटो स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेली ‘डिस्क्रीट एलिमेंट मेथड’ वापरतात. ‘टपोरा दाणा भिंतीकडे जातो’ असा नियम तिच्यात कुठेच लिहिलेला नसतो. प्रत्येक दाण्यावर शेजाऱ्यांच्या व भिंतीच्या स्पर्शाने येणारे बल काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे आणि सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाएवढ्या टप्प्यांनी हेच करत राहायचे, एवढेच तिचे काम. विभागणी त्यातून आपोआप उमटते.

अडचण संख्येची आहे. हजार दाण्यांचे वजन ३५ ग्रॅम धरले, तरी क्विंटलभर ज्वारीत सुमारे २९ लाख दाणे होतात. म्हणून हॉपरचा पातळ उभा काप घेतात, किंवा दाणे मोठे मानून संख्या घटवतात. दुसरी युक्ती आपण टाळावी, कारण झडपेच्या तोंडाच्या मानाने दाणे मोठे झाले की प्रवाहच बदलतो.

स्पर्शाचे बल काढताना लागणारा घर्षणाचा आकडा पुस्तकातून उचलू नये. आपल्याच ज्वारीची रास ओतून तिच्या उताराचा कोन मोजावा आणि संगणकातली रास त्याच कोनाची होईपर्यंत आकडा बदलावा. दाण्यांचे घसरणे व घरंगळणे यांच्या निरनिराळ्या जोड्यांतून तोच कोन मिळू शकत असल्याने, हॉपरच्या पत्र्यावर दाणे ठेवून पत्रा किती तिरपा केल्यावर ते घसरतात हेही पाहावे.

आधी सध्याच्या हॉपरचा पोत्यांचा क्रम संगणकात जुळला पाहिजे; तो जुळला की मग भिंतींचा उतार बदलून पाहावा. त्याबरोबर धारेखाली माल पसरवणारा पत्र्याचा शंकूही तपासावा. माझ्या मते, नव्या हॉपरच्या खर्चाआधी तोच करून पाहण्याजोगा आहे.