मेलेल्या किड्यांवरून जंगलाचा इतिहास, पण पोट भरेल का?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलगी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. दलदलीत सापडणाऱ्या किड्यांच्या अवशेषांवरून जुन्या जंगलांवर कोणती संकटं आली, ते शोधायचं म्हणते. यात पोट भरेल का? – एक वडील

उत्तर : नमस्कार भाऊसाहेब,

वेलीच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की आत खोडकिडा शिरलाय, हे तुम्ही साल न सोलताच ओळखता. तुमच्या लेकीला हेच करायचंय, फक्त हजारो वर्षांपूर्वीच्या झाडांचं.

हे अवशेष पीटमध्ये सापडतात. पीट म्हणजे पाणथळ जागी अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर. आत हवा पोचत नाही, म्हणून भुंगेऱ्यांची टणक पंखकवचं टिकून राहतात. तो गाळ ०.३ मिलिमीटरच्या चाळणीवर धुतात, रॉकेलमध्ये कालवतात आणि वर गार पाणी ओततात. रॉकेल चिकटलेली कवचं तरंगून वर येतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा संग्रहातल्या भुंगेऱ्याशी ताडून पाहायचा. चिकाटीचं काम आहे.

सुमारे ६,००० वर्षांपूर्वी ब्रिटनमधली एल्मची झाडं एकाएकी घटली, हे जुन्या थरांत टिकलेल्या परागकणांवरून कळलं होतं. पण कशामुळे? लंडनच्या हॅम्पस्टेड हीथमधल्या थरांत, ही घट सुरू होण्याच्या जरा आधीच, एल्मच्या सालीत राहणाऱ्या भुंगेऱ्याचे अवशेष मिळाले. हाच भुंगेरा एल्मला मारणारी बुरशी पसरवतो. रोगाचा संशय बळावला तो तिथे. आपल्याकडेही १९९०च्या दशकात मध्य प्रदेशातली साल वृक्षांची जंगलं खोडकिड्याने पोखरली होती. अशी साथ पूर्वी कधी आली होती का, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

आता पोटाचं. एवढ्या एकाच विषयाच्या भरवशावर नोकरी धरू नका. जागा अगदी थोड्या. म्हणून एम.एस्सी. प्राणिशास्त्रात, कीटकशास्त्र घेऊन करू द्या, सोबत वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं हवं. नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा पार केली तर पीएच.डी.च्या काळात फेलोशिप मिळते. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र, या दोन्ही जागा तिने एकदा पाहून याव्यात. संशोधनात जमलं नाही, तरी कीटकांची पक्की ओळख वनसेवेच्या परीक्षेला आणि अध्यापनात उपयोगी पडतेच.

पहिल्या पावसानंतर बागेत खोडकिड्याचे भुंगेरे निघतील, तेव्हा तिला रात्री बॅटरी घेऊन सोबत न्या. पाच-सहा भुंगेरे टाचणीला लावून, तारीख आणि गावाचं नाव लिहून डबीत ठेवायला सांगा. तिचा संग्रह तिथून सुरू होईल.