तिसरी पायरी

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सांगलीच्या गावभागात घर, वय ७२. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मुलगा म्हणाला, सामान घेऊन विश्रामबागला मामाकडे जाऊ. तुम्ही म्हणालात, "२००५ ला कृष्णामाई तिसऱ्या पायरीला शिवून परत गेली. त्याच्यावर ती येत नाही." घरात कमरेएवढं पाणी आलं, तुम्हाला माडीवरून बोटीत उतरवलं, यजमानांचे फोटो आणि मुलाची कागदपत्रं गेली. तेव्हापासून आमटीत मीठ कमी आहे म्हणालात तरी मुलगा म्हणतो, "आई, तुझी तिसरी पायरी राहू दे." आता खाली प्लायवूडचं स्वयंपाकघर करायचं घाटतंय. ते तुम्हाला पटत नाही, पण तोंड उघडवत नाही. वयानं शहाणपण येतं म्हणतात, मग माझं कुठं गेलं, असं विचारलंय.

चूक झाली. नाही झाली असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर तुम्हालाही ते खोटं वाटेल. पण त्या आठवड्यात असं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हत्या. २००५ चा पूर पाहिलेल्या कितीतरी जणांनी तीच खूण धरून घर सोडलं नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी पाणी ५७ च्या पुढं गेलं. वर कोयना धरणातून किती सोडलं, खाली अलमट्टी धरणात किती तुंबलं, हे आपल्या पायरीला कुठून कळणार? आपल्या वयाला ही खोड लागतेच, ताई. एकदा डोळ्यांनी पाहिलं की ते शेवटचं माप ठरवून टाकतो. माझ्या घरीही विचारा, माझ्या अशा तीन-चार पायऱ्या निघतील.

तरी एक विचारते. पाणी ओसरल्यावर त्या घरात सगळ्यात जास्त कामाचं कोण होतं? तुम्हीच लिहिलंय, अगदी जाता जाता: पाणी उतरता उतरताच गाळ ढकलायला लावला, कारण वाळला की तो कुदळीला ऐकत नाही. काठी आपटल्याशिवाय कपाट उघडू दिलं नाही, आत साप असतो म्हणून. हे तुम्ही २००५ मध्ये शिकलात. कृष्णा किती चढेल ते तुम्हाला सांगता आलं नाही. ती गेल्यावर घर कसं उभं करायचं ते मात्र नेमकं सांगता आलं. मुलाला तुमची तिसरी पायरी लक्षात राहिली, गाळ राहिला नाही. तरण्या वयात असंच होतं, त्याचा फार राग धरू नका.

मुलाला एकदा सरळ सांगा, "त्या दिवशी माझं चुकलं, तुझं ऐकायला हवं होतं." जेवताना नको, सुनेसमोरही नको, दोघंच असाल तेव्हा. तुमच्या पत्रात हे वाक्य तुम्ही मला लिहिलंय, त्याला कधी म्हटल्याचं कुठं दिसलं नाही. मला वाटतं तो तिसरी पायरी उगाळत बसतो ते त्याचसाठी.

आणि प्लायवूडबद्दल बोलाच. फक्त "मी सांगते म्हणून" नको, आणि हे केस उन्हानं पांढरे झालेले नाहीत, हे वाक्य सध्या माळ्यावर टाका. २०१९ ला पाणी भिंतीवर जिथं टेकलं होतं तिथं खडूनं रेघ ओढा. सुताराला त्या रेघेशी उभं करून विचारा, चार दिवस पाण्यात राहिलं तर याच्या खालच्या प्लायचं काय होईल? फुगून पापुद्रे सुटतील, हे तोच सांगेल. खाली कडाप्पा, भांडी उघड्या फळीवर, लाकडी कपाटं रेघेच्या वर, असं काही निघेल. कदाचित मुलगा तरीही प्लायच करेल. घर त्याचंही आहे, करू द्या.

सुतार सोमवारी येणार आहे असं लिहिलंय. म्हणजे मुलाशी बोलायला रविवार आहे.