अर्ध्या तासात ऐकायला किती मिनिटं?

"रोज पहाटे पाचला उठून अर्धा तास प्रार्थना करतो, तरी देव माझ्याशी बोलत नाही. माझ्या विश्वासातच खोट आहे का?" मंडळीचे (चर्चचे) पंच असलेले पन्नाशीचे गृहस्थ हा प्रश्न घेऊन आले. सोबतच्या पत्नी एवढंच म्हणाल्या, "माझंही वाक्य यांनी कधी पुरं होऊ दिलं नाही." (हे उदाहरण अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेलं आहे.)

त्यांना आधी तीन दिवस फक्त नोंद ठेवायला सांगितली. ३० मिनिटांतली २८ बोलण्यात जात होती: आजाऱ्यांची नावं, मुलीची नोकरी, मंडळीतला वाद, मग आमेन. विश्वासात खोट नव्हती, ऐकायला जागाच नव्हती.

मग वेळ २० मिनिटांवर आणली. मोबाईल दुसऱ्या खोलीत. बायबलमधला मार्क १०:४६-५२ हा, येशूला हाक मारणाऱ्या आंधळ्या भिकारी बार्तीमयाचा उतारा सावकाश, मोठ्याने, दोनदा वाचायचा, आठवडाभर तोच. मग दहा मिनिटं गप्प बसायचं. बाजूला कागद ठेवायचा, मध्येच वीजबिल आठवलं तर एक शब्द लिहून पुन्हा उताऱ्यातल्या एखाद्या शब्दाकडे यायचं. बोलायचं ते शेवटच्या पाच मिनिटांत. पहिल्या आठवड्यात झोप येते, चुळबुळ होते. बहुतेक जण इथेच सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावं.

दुसरी अडचण जास्त गंभीर. शांततेत आलेला प्रत्येक विचार देवाचा नसतो. मंदिरात वाढणाऱ्या लहानग्या शमुवेलालाही देवाची तीनदा हाक आली, तरी तो याजक एलीकडेच धावत गेला. ती हाक कोणाची हे एलीने ओळखलं (१ शमुवेल ३). म्हणून मनात आलेलं वहीत लिहावं, शास्त्राशी, म्हणजे बायबलशी, ताडून पाहावं, दोन प्रौढ विश्वासणाऱ्यांना दाखवावं आणि निदान सात दिवस थांबावं. "देवाने मला सांगितलंय" असं म्हणून घरच्यांचं तोंड बंद करणं तर कधीच नको. आणि कानांत खरोखर आवाज येत असतील, ते हुकूम देत असतील, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. औषध घेतलं म्हणून विश्वास कमी होत नाही.

खरी अडचण मात्र रात्रीच्या सरावात दिसली. जेवणानंतर पत्नीने पाच मिनिटं बोलायचं, यांनी ऐकून तेच आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, "बरोबर समजलं का?" पत्नीने "थकले हो मी" म्हणताच यांनी बायबलमधलं वचन सांगितलं: कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या. वचन खरं, वेळ चुकीची. समोरच्याचं दुःख ऐकवत नाही, तेव्हा आपण वचनाने ते झाकतो. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. नीतिसूत्रे १८:१३ ऐकण्याआधीच उत्तर देण्याच्या याच उतावळेपणाला मूर्खपणा म्हणतं. तेव्हा नियम एक: या पाच मिनिटांत ना वचन, ना सल्ला, ना "मी म्हणत नव्हतो?"

चौथ्या आठवड्यात पत्नीचं बोलणं प्रथमच पुरं झालं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं रात्रीचं उठणं-बसणं आठ महिने त्या एकट्या करत होत्या. यांनी आपल्या शब्दांत ते परत सांगितलं, थोडं थांबले आणि येशूने बार्तीमयाला विचारलेलंच विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करू?"

"एक दिवसाआड रात्री आईंजवळ तुम्ही झोपा," त्या म्हणाल्या.