ख्रिस्ती जीवनात नम्र आणि आज्ञाधारक कसं व्हावं? पाळकांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा का?

तुम्ही लिहिलंय की चर्चच्या तरुणसंघाच्या बैठकीत जमाखर्चाबद्दल विचारलंत, तर "ख्रिस्ती माणसात नम्रता हवी" असं ऐकवलं गेलं, आणि तेव्हापासून आपण खरंच उद्धट आहोत का हे डोक्यात घोळतंय. मी पाळक नाही. पंचवीस वर्षं मंडळीत पेटी वाजवलीय आणि अधूनमधून रुसूनही बसलोय, तेवढ्या शिदोरीवर लिहितो.

हिशेब विचारणं उद्धटपणा नव्हे. पकडलं जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत येशूने, समोर दिसणाऱ्या मरणाबद्दल, "हा प्याला टळू दे" असं देवबापाला सरळ सांगितलं, आणि मग "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हटलं. मनातलं गिळून टाकलं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, पण दोघींच्या पत्रांत चांगलीच खडाजंगी आहे. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारून आले, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं रमाबाईंनी लिहून कळवलं. तेव्हा कुणाला त्या नक्कीच गर्विष्ठ वाटल्या असतील. पण पुढे बघा. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'सरस्वती' म्हटलं ती बाई केडगावच्या मुक्तिसदनात, निराधार बायकांसाठी स्वतःच काढलेल्या आश्रमात, हिब्रू आणि ग्रीक शिकते, आणि कशासाठी, तर साध्या बायकांना वाचून कळेल अशा सोप्या मराठीत बायबल उतरवण्यासाठी. संस्कृत येत असताना सोपं लिहायचं म्हणजे स्वतःची विद्वत्ता बाजूला ठेवायची. छपाईचे खिळे जुळवायला मुक्तिसदनातल्याच मुली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, छापून पूर्ण झालेलं बायबल मागाहून आलं.

हिब्रूत 'शमा' म्हणजे ऐकणं, आणि आज्ञा पाळणंही. आपल्याकडे तरी वेगळं काय? "पोरगं ऐकत नाही" म्हणतो तेव्हा त्याचे कान तपासायला नेत नाही. आज्ञापालनाचं मूळ मला या ऐकण्यात दिसतं.

आणि तिथेच मी एकदा सपशेल आपटलो. आमच्याकडे नाताळाच्या उपासनेसाठी कीबोर्ड आणला, तो एका कॉलेजच्या मुलाला दिला आणि मला म्हणाले, "काका, तुम्ही आता आराम करा." मी हात जोडून म्हटलं, "जशी प्रभूची इच्छा." काय नम्र! घरी येऊन पेटीचा भाता असा आपटून बंद केला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुढचे सहा आठवडे मी मागच्या बाकावर बसून त्या पोराच्या चुका मोजत होतो. मग एका रविवारी संध्याकाळी तोच दारात उभा. चपला काढत म्हणाला, "काका, रेव्हरंड टिळकांच्या भजनाचा ठेका माझ्याकडून धावतो. काळी चारमध्ये एकदा वाजवून दाखवता?" मी मोजलेली चूक नेमकी तीच होती. त्याला ती कळली होती आणि तो ऐकायला आला होता. मी मात्र दीड महिना कुणाचंच ऐकलं नव्हतं, प्रभूचंही नाही. त्या रात्री साडेदहापर्यंत आम्ही वाजवत बसलो.

तेव्हापासून एक करतो. कुणी टोकलं की त्याच दिवशी उत्तर देत नाही. रात्री प्रार्थनेत ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणतो, माझा खुलासा न जोडता. हा खुलासा आवरणंच सगळ्यात कठीण. कधी समोरचा चुकीचा निघतो, बऱ्याचदा निम्मा बरोबर असतो. तुम्हीही तपासून बघा: प्रश्न योग्यच होता, पण विचारताना चार लोकांत कुणाला उघडं पाडायची खुमखुमी होती का? असेल तर तेवढ्यापुरती माफी मागा. प्रश्न मागे घेऊ नका. पुढच्या बैठकीआधी सचिवांना लेखी द्या, म्हणजे इतिवृत्तात नोंद होईल. आणि बैठक संपली की सतरंज्या गोळा करायला थांबा, आमच्याकडे तरी त्या कामाला कधीच कुणी नसतं.